चाळणीखालची भुकटी आणि रस्त्याचे आयुष्य

डांबरी रस्त्याच्या कामावर येणारा डांबराचा टँकर आपले प्रमाणपत्र बरोबर घेऊन येतो. त्यावर श्यानता (वाहण्याला होणारा विरोध), पेनिट्रेशन (ठरावीक भाराची सुई किती खोल रुतते ते माप) आणि मृदुबिंदू (डांबर मऊ पडण्याचे तापमान) यांची नोंद असते, आणि प्रयोगशाळेत तापवून मुद्दाम जुने केल्यावर ते डांबर किती कडक झाले याचेही आकडे असतात. त्याच कामावर येणाऱ्या बारीक दगडी भुकटीकडे, म्हणजे रस्तेबांधणीत जिला फिलर म्हणतात तिच्याकडे, इतक्या आस्थेने कोणी पाहत नाही. ती ठरलेल्या चाळणीतून गेली की बहुतेक ठिकाणी तिची चौकशी संपते. माझ्या मते ही वाटणीच चुकलेली आहे. रस्त्यात खडी खडीला धरून राहते ती डांबर आणि भुकटी यांच्या एकजीव झालेल्या लगद्यामुळे, ज्याला मॅस्टिक म्हणतात. उघडे, भुकटीविरहित डांबर रस्त्यात कोठेच नसते. तरीही टिकाऊपणाची परीक्षा आपण त्या उघड्या डांबराची घेतो, आणि लगद्याचा दुसरा घटक त्या परीक्षेत बाहेर उभा असतो.

शब्दांबद्दल आधी थोडे स्पष्ट केलेले बरे. बोलण्यात डांबर हा शब्द दगडी कोळशापासून निघणाऱ्या कोलतारलाही लावतात. येथे तो खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरणाऱ्या बिटुमेनसाठी वापरला आहे. भुकटी म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारे कण. युरोपीय मानकांत ही रेषा ६३ मायक्रॉनवर आखलेली आहे. दाट बांधणीच्या नेहमीच्या मिश्रणात वजनाने साधारण ५ टक्के डांबर आणि जवळपास तितकीच भुकटी असते. बाकीचे वजन खडी आणि कच यांचे. हा ५ टक्क्यांचा आकडा फसवा आहे. दगडाची घनता २.७ धरली, तर १० मिलिमीटर व्यासाच्या गोल खड्यांच्या एका किलोचे पृष्ठफळ सुमारे ०.२२ चौरस मीटर भरते, आणि २० मायक्रॉन व्यासाच्या कणांच्या एका किलोचे सुमारे १११ चौरस मीटर, म्हणजे पाचशे पट. एक टन मिश्रणातील ५० किलो भुकटीला या हिशेबाने साडेपाच हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो; उरलेला ९०० किलो दगड सगळाच्या सगळा १० मिलिमीटरची खडी असता तर त्याचे पृष्ठफळ २०० चौरस मीटरपर्यंतच पोचले असते. मधल्या आकाराची कच जमेस धरली तरी पारडे भुकटीकडेच झुकलेले राहते. डांबराचा दगडाशी जो काही रासायनिक व्यवहार होतो, तो बहुतांश या वजनाने क्षुल्लक दिसणाऱ्या घटकाशी होतो.

फिलर या नावानेही समजुतीचा घोटाळा वाढवला आहे. भरण्यापुरते जे असते ते काहीही चालते, असा त्या शब्दाचा ध्वनी आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. अमेरिकेतील सुरुवातीच्या डांबरी रस्त्यांसाठी त्रिनिदाद बेटावरील नैसर्गिक डांबर-सरोवरातून माल आणला जात असे. वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूच्या काही भागावर १८७६ साली तो वापरला गेला. त्या शुद्ध केलेल्या डांबरात सुमारे ३६ टक्के अतिसूक्ष्म खनिज द्रव्य निसर्गानेच मिसळलेले असते. पुढे तेलशुद्धीकरण कारखान्यांतले स्वच्छ डांबर स्वस्त आणि मुबलक झाले, आणि जे खनिज त्रिनिदादच्या मालात आपोआप येत होते ते बाहेरून घालावे लागू लागले. वॉशिंग्टन शहरासाठी डांबराची तपासणी करणारे क्लिफर्ड रिचर्डसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच भुकटीचा प्रश्न गांभीर्याने हाताळला होता. साठच्या दशकात जर्मनीत तयार झालेले स्टोन मॅस्टिक अॅस्फाल्ट हे मिश्रण तर नावातच मॅस्टिक मिरवते. त्यात भुकटी ८ ते १२ टक्के आणि डांबर ६ टक्क्यांहून अधिक असते, आणि आज जड वाहतुकीच्या रस्त्यांवर भरवशाचे म्हणून ते ओळखले जाते. स्वस्तात जागा भरण्यासाठी म्हणून भुकटी घातली असती, तर अशा महाग आणि निवडक मिश्रणात तिचे प्रमाण दुप्पट करण्याचे कोणाला कारण नव्हते.

भुकटी आणि डांबर यांचे नाते पहिल्यांदा नेमक्या मापात बसवले ते १९४७ साली रिग्डेन या संशोधकाने. त्याची कल्पना साधी होती. कोरडी भुकटी दाबून बसवली तरी तिच्या कणांमध्ये पोकळी उरते. लगद्यातील डांबराचा जो भाग ती पोकळी भरण्यात खर्ची पडतो तो बांधला जातो, आणि जो त्यापलीकडे उरतो तोच मोकळा, म्हणजे कणांना एकमेकांवरून सरकू देणारा. लगद्याचा घट्टपणा या मोकळ्या डांबरावर ठरतो. नेहमीच्या दगडी भुकटीत ही पोकळी साधारण २८ ते ४५ टक्के असते. विरलेल्या चुन्यात ती ५५ ते ७० टक्क्यांपर्यंत जाते, कारण त्याचे कण स्वतःच सच्छिद्र आणि खडबडीत असतात.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक हिशेब मांडतो. १०० ग्रॅम डांबर घ्या. ते सुमारे ९८ मिलिलीटर भरेल. त्यात १०० ग्रॅम चुनखडीची भुकटी घाला, जिची पोकळी ३५ टक्के आहे. घन कणांचे आकारमान ३७ मिलिलीटर, आणि त्यांच्यामधली पोकळी २० मिलिलीटर. म्हणजे डांबराचा पाचवा हिस्सा बांधला गेला आणि चार हिस्से मोकळे राहिले. आता त्याच वजनाचा विरलेला चुना घाला, ज्याची घनता २.२५ आणि पोकळी ६२ टक्के आहे. घन कण ४४ मिलिलीटर, पोकळी सुमारे ७२ मिलिलीटर. जवळपास तीन चतुर्थांश डांबर बांधले गेले आणि मोकळे राहिले ते चौथ्या हिश्श्याएवढे. वजनाचे गुणोत्तर दोन्हीकडे एकच आहे, एकास एक. मिश्रणाची आखणी करण्याच्या अमेरिकेतील सुपरपेव्ह पद्धतीत भुकटी आणि डांबर यांचे वजनी गुणोत्तर ०.६ ते १.२ असावे असा ढोबळ नियम आहे. या नियमाच्या डोळ्यांना हे दोन लगदे सारखेच दिसतात. प्रत्यक्षात सगळी भुकटी चुन्याची कोणी वापरत नाही, हे मान्य. परंतु दोन खाणींच्या दगडी भुकट्यांमध्ये ३० आणि ४५ टक्के असा पोकळीचा फरक सहज पडू शकतो, आणि तोही या गुणोत्तराला दिसत नाही. वजन मोजणे सोपे आहे म्हणून आपण वजन मोजत आलो. डांबराला मात्र जागा दिसते, वजन दिसत नाही.

याचा टिकाऊपणाशी संबंध असा. मोकळे डांबर कमी पडले की मिश्रण कोरडे आणि हट्टी होते, रोलरखाली नीट दबत नाही, त्यात हवेची पोकळी अधिक राहते, आणि त्या पोकळीतून हवा व पाणी आत जाऊन डांबर लवकर जुने होते. मोकळे डांबर गरजेहून जास्त झाले की लगदा पातळ होऊन खडीवरून ओघळतो आणि उन्हात चाकोऱ्या पडतात. ही झाली भुकटीची यांत्रिक बाजू, आणि तिच्याबद्दल जाणकारांत फारसा वाद नाही.

वाद आहे तो रासायनिक बाजूबद्दल. डांबर जुने होते याचा मुख्य अर्थ त्याचे ऑक्सिडीभवन होते. हवेतील ऑक्सिजन शिरतो, त्यापासून कीटोन आणि सल्फॉक्साइड हे गट तयार होतात, ध्रुवीय रेणू, म्हणजे विद्युतभार असमान वाटला गेल्याने एकमेकांना ओढणारे रेणू, वाढतात, ते एकमेकांना धरून मोठे पुंजके बनवतात, आणि डांबर कडक होते. भुकटी या साखळीत दोन ठिकाणी हात घालू शकते. पहिली शक्यता वाट अडवण्याची: दगडाच्या कणातून ऑक्सिजन जात नाही, त्याला वळसा घालावा लागतो. हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे, परंतु त्याचा हिशेब करून पाहिला की उत्साह ओसरतो. माध्यमात विखुरलेल्या गोल कणांमुळे वहन किती मंदावते याचे सूत्र भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७३ मध्ये विजेच्या संदर्भात मांडले होते. तेच विसरणाला, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याला, लावले, आणि लगद्यात भुकटी आकारमानाने २७ टक्के धरली, तर डांबरातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग जेमतेम १२ टक्क्यांनी घटतो. कण चपटे असतील तर परिणाम काहीसा वाढेल. तरीही एका भुकटीने डांबराचे आयुष्य लक्षणीय वाढावे आणि दुसरीने वाढू नये, याचा उलगडा नुसत्या वळशाने होत नाही.

दुसरी शक्यता पृष्ठभागाची. डांबरातील ध्रुवीय रेणू, विशेषतः कार्बॉक्सिलिक आम्ले, खनिजाच्या पृष्ठभागाला चिकटतात, आणि चिकटले की पुढच्या उलाढालीतून बाहेर पडतात. कोणते खनिज कोणाला किती घट्ट धरते, यावर सगळे अवलंबून असते. या बाबतीत सर्वांत स्पष्ट पुरावा विरलेल्या चुन्याचा आहे. अमेरिकेत वायोमिंगमधील लॅरमी येथे प्लँचर, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात केलेल्या कामातून असे दिसले की कॅल्शियम हायड्रॉक्साइडने प्रक्रिया केलेले डांबर ऑक्सिडीभवनानंतर कमी कडक होते. चुना हा अल्कधर्मी असल्याने डांबरातील आम्ले आणि तत्सम रेणू तो पकडून ठेवतो. हे रेणू ऑक्सिडीभवनातून नव्याने तयार होणाऱ्या गटांशी हातमिळवणी करून पुंजके वाढवणारे असतात. ते आधीच बाजूला झाले की तेवढेच ऑक्सिडीभवन झाले तरी डांबर तितके घट्ट होत नाही. मला या संशोधनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. हा परिणाम सगळ्या डांबरांवर सारखा होत नाही. एका स्रोताच्या डांबरावर तो ठळक दिसतो, दुसऱ्यावर नाममात्र, कारण पकडण्यासारखे रेणू मुळात त्या डांबरात किती आहेत यावर तो ठरतो. म्हणजे ‘ही भुकटी चांगली’ असे एकट्या भुकटीबद्दल केलेले विधान अपुरेच राहते. जोडी तपासावी लागते.

पाण्याच्या बाबतीतही खनिजाची जात तितकीच बोलते. चुनखडीच्या पृष्ठभागावर डांबरातील आम्लांपासून कॅल्शियमचे क्षार बनतात, आणि ते पाण्यात सहसा विरघळत नाहीत. सिलिकाबहुल दगडावर तीच आम्ले ढिली बसतात. पाण्याला सिलिकाचे आकर्षण डांबरापेक्षा अधिक असल्याने पाणी आले की डांबराला जागा सोडावी लागते. मातीचा अंश असलेली भुकटी तर याहून घातक, कारण मातीची खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि लगदा आतून उसवतात. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणाने मातीचा हा अंश काही मिनिटांत ओळखता येतो. चाळणी तो ओळखू शकत नाही; उलट माती सर्वांत बारीक असल्याने चाळणीच्या परीक्षेत ती सर्वांत आधी उत्तीर्ण होते.

आता परीक्षेच्या पद्धतीकडे येतो, कारण माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. डांबर कृत्रिमरीत्या जुने करण्याच्या दोन पायऱ्या आज जगभर रूढ आहेत. पहिल्या पायरीत फिरत्या बाटल्यांमध्ये ३५-३५ ग्रॅम डांबर १६३ अंश सेल्सिअसला ८५ मिनिटे ठेवतात. मिश्रण बनवताना आणि पसरताना होणाऱ्या बदलाचे हे अनुकरण. दुसऱ्या पायरीत, म्हणजे प्रेशर एजिंग व्हेसल या भांड्यात, ५० ग्रॅम डांबराचा सुमारे ३.२ मिलिमीटर जाडीचा थर ९० ते ११० अंशांना आणि २.१ मेगापास्कल हवेच्या दाबाखाली २० तास ठेवतात. रस्त्यावरील काही वर्षांचे ते अनुकरण. ही दुसरी पायरी १९८७ साली सुरू झालेल्या अमेरिकेच्या महामार्ग संशोधन कार्यक्रमातून रूढ झाली आणि तिने डांबराची खरेदी अधिक शहाणी केली, यात शंका नाही. पण दोन्ही पायऱ्यांत खनिज नाही. रस्त्यावर ज्या पृष्ठभागाच्या सान्निध्यात डांबर सगळे आयुष्य काढते, तो प्रयोगात अस्तित्वातच नसतो.

येथे एक प्रामाणिक हरकत उभी राहते, आणि ती मी टाळणार नाही. लगदा जुना करून तपासणे बोलायला सोपे, करायला अवघड आहे. २० तासांत जड कण तळाशी बसतात. भुकटी डांबराच्या जागी वजनाने घातली तर भांड्यातील डांबर कमी होते आणि थराची जाडीही बदलते. मग दिसणारा फरक खनिजाचा की जाडीचा हे कळेनासे होते. लगद्यातून डांबर विद्रावकाने वेगळे काढून तपासावे, तर खनिजाने घट्ट धरलेले रेणू दगडावरच राहतात आणि हाती येते ते निवडून आलेले डांबर. या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. मात्र त्या प्रयोग काळजीपूर्वक आखण्याच्या अडचणी आहेत, आणि डांबराचे वजन स्थिर ठेवणे, थराची जाडी मोजून जुळवणे, लगदा न विरघळवता तसाच रिओमीटरवर, म्हणजे घट्टपणा आणि प्रवाहीपणा मोजणाऱ्या यंत्रावर, तपासणे असे त्यांचे उपायही उपलब्ध आहेत. अवघड आहे म्हणून न मोजलेली गोष्ट शून्य धरायची, हा व्यवहार अभियांत्रिकीला शोभत नाही.

याहून सूक्ष्म एक सापळा आहे आणि त्यात बरेच उत्साही निष्कर्ष अडकलेले दिसतात. जीर्णतेचा निर्देशांक बहुधा भागाकाराने काढतात: जुने झाल्यानंतरचा घट्टपणा भागिले आधीचा. समजा उघड्या डांबराचा घट्टपणा १ होता आणि तो ४ झाला. भुकटी घातलेल्या लगद्याचा ३ होता आणि तो ९ झाला. निर्देशांक पहिल्याचा ४, दुसऱ्याचा ३. कागदावर भुकटीने जीर्णता रोखली. पण रस्त्याला निर्देशांक माहीत नसतो; थंडीच्या रात्री आकसताना त्याला ९ एवढा कडक लगदा ताणावा लागतो. भुकटी एकाच वेळी दोन गोष्टी करते: सुरुवातीचा कडकपणा वाढवते आणि, रसायन जुळले तर, पुढची वाढ मंदावते. या दोहोंत अखेर कोणती वरचढ ठरली ते भागाकार सांगत नाही. ते जुन्या झालेल्या लगद्याची कमी तापमानातील लवचीकता आणि त्याची भेग सहन करण्याची ताकद थेट मोजूनच कळते. सूक्ष्म कण भेगेची वाट अडवतात, तिला वळायला लावतात, हाही परिणाम त्या थेट मापातच दिसेल. विरलेला चुना उष्णतेत लगदा जितका कडक करतो तितका थंडीत करत नाही असे निरीक्षण आहे, आणि त्याची खरी किंमत मला त्यातच वाटते.

हा सगळा तपशील सार्वजनिक प्रश्न का आहे, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण असे की भुकटी ही आता टाकाऊ द्रव्यांची हक्काची जागा बनू लागली आहे. औष्णिक वीजकेंद्रांची राख, पोलादाच्या मळीची पूड, फुटक्या काचेची पूड, विटांचा चुरा, संगमरवर कापताना निघणारा गाळ, अॅल्युमिनियम उद्योगातील लाल चिखल, अशी यादी लांबत चालली आहे. हेतू चांगला आहे. डोंगर फोडून नवी भुकटी काढण्यापेक्षा पडून राहिलेली वापरावी, हे कोणालाही पटेल. परंतु या प्रस्तावांच्या समर्थनार्थ जो पुरावा पुढे केला जातो तो फार वेळा मार्शल स्थिरतेचा असतो. म्हणजे मिश्रणाचा ठोकळा ६० अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून दाबला, तो आधीपेक्षा जास्त भार घेऊन मोडला, म्हणून नवी भुकटी उत्तम. ही चाचणी कडकपणा मोजते. आणि बारीक, पोकळीदार भुकटी घातली की कडकपणा वाढणारच, हे रिग्डेनच्या हिशेबावरून आधीच सांगता येते. त्यासाठी ठोकळा मोडण्याचीही गरज नव्हती. तोच कडकपणा आठ-दहा वर्षांनी तड्यांच्या रूपाने परत येऊ शकतो. काचेची पूड सिलिकाबहुल आहे, विटांच्या चुऱ्यात पुरती न भाजलेली माती असू शकते, राखेचा गुण भट्टीगणिक आणि कोळशागणिक बदलतो, आणि लोहयुक्त खनिजांबाबत ती ऑक्सिडीभवनाला उत्तेजन देतात का हे प्रत्येक डांबरासह तपासून पाहावे लागते. अशा प्रत्येक द्रव्याबद्दल ‘रस्त्यात चालते’ असा निर्वाळा देण्यापूर्वी त्याच्या लगद्याची जीर्णतेनंतरची आणि पाण्यानंतरची परीक्षा मागणे म्हणजे पर्यावरणाला विरोध करणे नव्हे. अपेक्षेपेक्षा पाच वर्षे आधीच उखडलेला रस्ता पुन्हा करताना जेवढे डांबर, जेवढा दगड आणि जेवढे इंधन लागते, ते टाकाऊ पूड वापरून वाचवलेल्या दगडापेक्षा कितीतरी अधिक असते. भुकटी वजनाने ५ टक्के, आणि ती बिघडली तर उरलेले ९५ टक्केही तिच्यासोबत जातात.

टाकाऊची चर्चा चालली असताना घरच्याच एका भुकटीचा विसर पडतो. मिश्रण बनवणाऱ्या प्रकल्पात खडी तापवताना उडणारी धूळ कापडी पिशव्यांच्या गाळणीत अडकते आणि तीच पुन्हा मिश्रणात सोडली जाते. हवा स्वच्छ ठेवण्याचे कायदे आल्यानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली, आणि ती योग्यच आहे. प्रश्न येतो तो सातत्याचा. ही धूळ कधी भरड, कधी अतिसूक्ष्म असते. कधी एकसारखी सोडली जाते, कधी साठून एकदम. पेनसिल्व्हेनियातील अँडरसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले की अशा धुळींचा लगद्यावरील परिणाम फार भिन्न असतो. काही डांबराला घट्ट करतात, तर काही अतिसूक्ष्म धुळी डांबरात मिसळून त्याचाच भाग असल्यासारख्या वागतात. नेहमी दिल्या जाणाऱ्या डांबराच्या थराच्या जाडीच्या आकड्यालाही याच ठिकाणी धक्का बसतो. हिशेबाने तो थर ८ ते १२ मायक्रॉन येतो. मग ४० मायक्रॉनचा कण त्या थरात आहे की तो थर त्या कणावर आहे? या प्रश्नाचे उत्तर कणाकणाला बदलते, आणि म्हणून भुकटीची एकच व्याख्या चाळणीच्या एका छिद्रावर टांगणे पुरेसे पडत नाही.

मानकांनी हे ओळखलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. युरोपच्या ईएन १३०४३ या मानकात कोरड्या भुकटीची पोकळी, मिथिलीन ब्लूचे मूल्य, पाण्यात विरघळणारा अंश, आणि ठरावीक प्रमाणात भुकटी घातल्यावर डांबराचा मृदुबिंदू किती अंशांनी वाढतो, अशा गोष्टींचे वर्ग ठरवून दिलेले आहेत. याउलट अमेरिकेच्या आश्टो एम १७ या मानकाचा भर कणांच्या चाळणीवर आणि प्लास्टिसिटी इंडेक्स (भुकटीतील चिकण मातीचा गुण दाखवणारा आकडा) ४ पेक्षा अधिक नसावा यावर आहे. पहिले दुसऱ्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे. तरी त्याही यादीत जीर्णता नाही. मृदुबिंदूची वाढ ताज्या लगद्याची मोजतात. तो लगदा जुना झाल्यावर काय होतो, हे कोणी विचारत नाही.

चुन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना मात्र एक सावधगिरीची सूचना. खडीच्या वजनाच्या १ ते १.५ टक्के विरलेला चुना घातल्याने रस्त्याचे आयुष्य २ ते १० वर्षांनी, म्हणजे २० ते ५० टक्क्यांनी वाढते असा अमेरिकेतील राज्यांच्या रस्ते विभागांचा अंदाज वारंवार उद्धृत केला जातो. नेदरलँड्सने सच्छिद्र डांबरी थरांसाठी चुन्याची अट घातली, आणि तेथील महामार्गांचा फार मोठा भाग या थराने आच्छादलेला आहे. हवा आरपार खेळणाऱ्या थरात जीर्णता सर्वांत वेगाने होत असल्याने हा दाखला वजनदार आहे. परंतु हे अंदाज एकत्र करून मांडण्याचे काम युरोपातील चुना उत्पादकांच्या संघटनेसाठी झाले होते, हे ध्यानात ठेवावे. त्यामुळे ते खोटे ठरत नाहीत. २ ते १० ही मर्यादा इतकी रुंद का, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा ठरतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे एक कारण वर आलेच आहे: डांबर बदलले की चुन्याचे काम बदलते. दुसरे कारण रोलरमध्ये आहे. नीट न दाबलेल्या, ८-१० टक्के हवेची पोकळी राहिलेल्या थराला कोणतीही भुकटी वाचवू शकत नाही, आणि ४-५ टक्के पोकळीपर्यंत दाबलेला थर साध्या भुकटीवरही अनेक वर्षे काढतो. भुकटीचा आग्रह धरणाऱ्याने दबाईचा आग्रह सोडला, तर त्याचा युक्तिवाद तेथेच संपतो.

मग मागायचे काय? जगातल्या प्रत्येक कामावर महागडी यंत्रे मागण्यात अर्थ नाही. भुकटीचा स्रोत निविदेत खडीखाली न दडवता डांबराच्या शेजारी लिहावा, आणि कामाच्या मध्यात तो बदलला तर मिश्रणाची आखणी पुन्हा करावी. पोकळी आणि मिथिलीन ब्लू या दोन चाचण्या स्वस्त आहेत, त्यांना लागणारी साधने मेजावर मावतात. त्या प्रत्येक स्रोतासाठी सक्तीच्या कराव्यात, आणि वजनी गुणोत्तराच्या जागी आकारमानाचे, पोकळी धरून काढलेले गुणोत्तर यावे. लगदा जुना करून तपासण्याची मोठी परीक्षा मोजक्या मध्यवर्ती प्रयोगशाळांनी करावी. परंतु ती त्या भागात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या डांबर-भुकटीच्या जोड्यांवर करावी, आणि तिचे निकाल निर्देशांकासोबत मूळ आकड्यांसह सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत. ज्या टाकाऊ द्रव्याचा असा निकाल उपलब्ध नाही ते आधी कमी वाहतुकीच्या रस्त्यांच्या छोट्या लांबीवर, शेजारी नेहमीच्या भुकटीची तुलनेची लांबी ठेवून वापरावे, आणि दोन्हींतून तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या वर्षी गाभे, म्हणजे रस्त्यातून कापलेले दंडगोल नमुने, काढून वरच्या एक सेंटिमीटरमधला लगदा वेगळा तपासावा, कारण ऊन आणि हवा यांची झळ पहिल्यांदा तेथे लागते.